सांगलीच्या लशीचा निगेटिव्ह रिपोर्ट

सुभेदारांनी कंदी पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे उलगडला.

"वाचा मॅडम. पोरगं निगेटिव्ह आलं."

रिपोर्ट सांगलीच्या एका क्लिनिकचा होता. वर रंगीत लेटरहेड. खाली त्यांच्या मुलाचं, विलासचं नाव. त्याखाली एकच ओळ: एचआयव्ही पी-२४ अँटिजेन, नॉट डिटेक्टेड. शेजारी कोणीतरी लाल पेनाने मोठ्या अक्षरांत 'निगेटिव्ह' लिहून त्याभोवती गोल काढला होता.

सुभेदार खुर्चीत ताठ बसले होते. फौजेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची बसायची पद्धत बदललेली नव्हती. विलास त्यांच्यामागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचा टेम्पो होता. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भरून तो पुण्या-मुंबईला न्यायचा. वय तिशीच्या आतबाहेर.

नव्वदच्या दशकात साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागे माझी पॅथॉलॉजी लॅब होती. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त, लघवी, थुंकी तपासणारी डॉक्टर. आम्ही औषध देत नाही. काय झालंय ते शोधतो आणि कागदावर लिहून देतो. विलासला एचआयव्ही आहे हे सुमारे वर्षापूर्वी मीच लिहून दिलं होतं. त्याला छातीवर नागीण आली होती. इतक्या तरुण माणसाला एवढी मोठी नागीण पाहून त्वचेच्या डॉक्टरांना शंका आली, म्हणून त्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. त्या वेळी मी विलासला एकट्याला बसवून सगळं समजावलं होतं. बायकोला सांग, तिला घेऊन ये, तोवर निरोध वापर. तो मान हलवून गेला, तो थेट आज उगवला.

"सुभेदारसाहेब," मी म्हणाले, "हा रिपोर्ट वेगळ्या टेस्टचा आहे. मी केली ती टेस्ट वेगळी होती."

"टेस्ट कंचीबी असू द्या. इषाणू हाय का न्हाई, येवढंच बगायचं ना? न्हाई म्हनत्यात."

"असं कोण म्हणतं?"

"सांगलीचं डॉक्टर. सा म्हैने विंजेक्शनं दिली त्येंनी. पोराचंच रगत काढायचं, उकळून इषाणू मारायचा आन् परत त्येलाच टोचायचं. लस झाली की. फौजेत आमाला कितीतरी सुया टोचल्या, म्हनून तर आमाला काय झालं न्हाई."

मी विलासकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"तुमच्या सूनबाईंना सांगितलंय का?" मी विचारलं.

"कशाला? तवाच सांगितलं न्हाई, तर आता बरा झाल्यावर कशाला?" सुभेदार हसले. "दोन वरसं झाली लग्नाला. हे पोरगं आत्ता नको, आत्ता नको करत हुतं. आता म्हनलं, लाग कामाला. बारशाला येयाचं बरं का मॅडम."

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला राग हा शब्द अपुरा आहे. माझ्यासमोर दोन धडधाकट पुरुष होते. दोघांना रोग माहीत होता. आणि घरात भाकरी थापत बसलेल्या एका मुलीच्या जिवाचा निर्णय या दोघांनी पेढे वाटून टाकला होता.

"नातू थांबवा," मी म्हणाले. "विलासचं रक्त मला परत तपासू दे. तोवर निरोध सोडायचा नाही."

सुभेदार उठले. "तुमच्या लॅबचा रिपोर्ट खोटा पडला म्हनून राग आला व्हय मॅडम?" एवढं बोलून ते निघाले. पेढे टेबलावरच राहिले. आमच्या शिपायाने ते वाटायला घेतले, तेव्हा मी त्याला नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विलास एकटा आला. टेम्पो बाहेर उभा होता. वडिलांना न सांगता आलो म्हणाला.

"मॅडम, खरं सांगा. मी बरा झालोय का न्हाई?"

त्याला मी जे सांगितलं, ते इथे थोडं सविस्तर सांगते, कारण सगळा घोळ तिथेच होता.

शरीरात नवा जंतू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. अँटीबॉडी जंतूच्या बाहेरच्या आवरणावर नेमकी बसते आणि त्याला निकामी करते. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही तो यामुळे. म्हणजे साधारणपणे अँटीबॉडी सापडणं ही चांगली बातमी. मी विलासची केली ती एलायझा टेस्ट अँटीबॉडीच शोधते. मग एचआयव्हीत अँटीबॉडी सापडली की आम्ही वाईट बातमी का देतो?

कारण हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना फार चुका करतो. रोज अब्जावधी नकला निघतात आणि चुका दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. बऱ्याच नकला बिघडलेल्या निघतात आणि मरतात. पण एखाद्या चुकीने बाहेरचं आवरण जरासं बदलतं आणि जुन्या अँटीबॉडीला ते ओळखू येत नाही. तो विषाणू वाचतो. बाकीचे मरतात, हा वाढतो. काही आठवड्यांनी शरीर याच्याविरुद्ध नव्या अँटीबॉडी तयार करतं, तोवर याच्या नकलांमधून तिसराच निघालेला असतो. विषाणू डोकं लावून काही करत नाही. चुका होतात आणि पकडला न गेलेला मागे उरतो, एवढंच.

विलासने मध्येच विचारलं, "म्हंजे नंबर प्लेट बदलल्यागत?"

"कशी?"

"चोरीचा ट्रक हाय. नाक्यावर नंबर कळवला. पोलीस त्योच नंबर बगत बसल्यात. गाडी मातुर पुडच्या ढाब्यावर प्लेट बदलून गेली."

"तसंच. आणि हा ट्रक जाता जाता नाक्यावरच्या पोलिसांनाही उडवतो."

ते खरंच होतं. एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो, त्याच पेशी बाकीच्या सैन्याला हुकूम देत असतात. शिवाय काही पेशींत तो नुसता लपून बसतो, काहीच करत नाही. तिथे अँटीबॉडी पोचतही नाही.

"मग त्ये अँटिजेन निगेटिव्ह?"

अँटिजेन म्हणजे विषाणूच्या आतलं एक प्रोटीन. लागण झाल्यावर सुरुवातीला ते रक्तात सापडतं. मग अँटीबॉडी त्याला चिकटतात आणि ते टेस्टमध्ये दिसेनासं होतं. रोग पुढे गेला की पुन्हा दिसायला लागतं. मधली काही वर्षं बऱ्याच पेशंटमध्ये ही टेस्ट निगेटिव्हच येते. विषाणू असतो, वाढत असतो, दुसऱ्याला लागण करत असतो आणि कागदावर नॉट डिटेक्टेड येतं.

विलासने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "विंजेक्शनाआदी ही टेस्ट केली असती, तर तवाबी निगेटिव्ह आली असती?"

"बहुतेक. पण मला बहुतेक नको. मला बघायचंय."

पॉझिटिव्ह निघालेल्या रक्तातला थोडा भाग आम्ही डीप फ्रीझरमध्ये ठेवत असू. पुढे शंका आली तर पुन्हा तपासता यावा म्हणून. विलासचा वर्षापूर्वीचा नमुना माझ्याकडे होता. सांगलीच्या पहिल्या इंजेक्शनच्या आधीचा. विलासच्या परवानगीने मी तो नमुना आणि त्या दिवशी काढलेलं ताजं रक्त, दोन्ही बर्फात घालून पुण्याच्या एका मोठ्या लॅबला पाठवलं. दोन्हींवर दोन्ही टेस्ट करा असं सांगितलं. नावं लिहिली नाहीत, नुसते नंबर.

निकाल आला. ताजं रक्त: अँटीबॉडी पॉझिटिव्ह, अँटिजेन निगेटिव्ह. जुनं रक्त: अँटीबॉडी पॉझिटिव्ह, अँटिजेन निगेटिव्ह.

इंजेक्शनं घेण्याआधी जे होतं, तेच इंजेक्शनं घेतल्यावर होतं. अक्षराचाही फरक नव्हता.

मी लॅब असिस्टंटच्या हाती सोपवली आणि सांगलीची एसटी पकडली.

क्लिनिक मुख्य रस्त्यापासून आत होतं. बाहेरच्या खोलीत बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. कऱ्हाडची, मिरजेची, काही तर थेट अथणीकडून आलेली, आपसात कानडी बोलणारी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एक बाई कडेवर बारकं पोर घेऊन बसली होती. भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र आणि खाली लिहिलेलं: स्वतःचं रक्त, स्वतःची लस.

डॉक्टरांचं नाव मी देत नाही. माणूस गोड बोलणारा. त्यांनी चहा मागवला. मी दोन्ही निकाल त्यांच्यासमोर ठेवले आणि काय केलंय ते सांगितलं.

त्यांनी कागद वाचले. चेहऱ्यावर काही बदल झाला नाही.

"मग? माझा रिपोर्ट खोटा आहे का?"

"नाही."

"मी कुठे लिहिलंय का की पेशंट बरा झाला?"

"लिहिलं नाही. लाल पेनाने गोल काढलात. आणि तोंडाने सांगितलंत."

"तोंडाने काय सांगितलं याचा पुरावा आहे तुमच्याकडे?" ते अगदी शांतपणे म्हणाले. "मॅडम, तुम्ही लॅबवाल्या. तुम्ही माणसाला मरणाचा कागद देता आणि पुढच्याला बोलावता. तो माणूस मग कुठे जातो? माझ्याकडे येतो. मी त्याला आशा देतो."

"आशा देऊन त्याच्या बायकोला लागण झाली तर?"

"ते त्याने बघायचं."

"विषाणू बदलत राहतो, हे तुम्हाला माहीत आहे ना? मेलेल्या जुन्या विषाणूची लस टोचून काय होणार?"

इथे ते हसले. अजूनही ते हसू आठवलं की माझं डोकं तापतं.

"माहीत आहे की. म्हणून तर मी दर महिन्याला नवं रक्त घेतो. विषाणू बदलला की लस बदलली. पेशंटला मी हेच समजावतो."

म्हणजे विज्ञान त्यांना येत होतं. अडाणी असते तर मी समजू शकले असते. विषाणूच्या ज्या गुणामुळे लस चालत नाही, तोच गुण सांगून ते दर महिन्याची सुई विकत होते.

मी म्हणाले, "डॉक्टर, विलासच्या रक्तात जिवंत विषाणू रोज फिरतोय. त्याचं शरीर रोज तो बघतंय आणि रोज नव्या अँटीबॉडी बनवतंय. तरी ते मागे पडतंय. तुम्ही उकळून मारलेले चार थेंब त्यात कोणती नवी माहिती देणार? आणि उकळलेल्या रक्तात प्रोटीन जागेवर तरी राहतं का? अंड्याचं काय होतं उकळल्यावर?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "बाहेर पेशंट खोळंबलेत."

मी उठले. बाहेरच्या खोलीत आल्यावर थांबले आणि बाकांवरच्या माणसांना म्हणाले, "मी साताऱ्याची डॉक्टर आहे. इथला निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे रोग गेला असं नाही. रिपोर्ट आला तरी निरोध सोडू नका. घरच्यांना जपा."

कडेवर पोर असलेली बाई माझ्याकडे बघत राहिली. मग आतून कंपाउंडर आला आणि मला दारापर्यंत सोडून गेला. मी रस्त्यावर उभी होते, तेव्हा बाकावरून एकही माणूस उठून बाहेर आला नाही. परतीच्या प्रवासात मी सबंध वेळ त्या माणसांवरही चिडले होते. कऱ्हाड मागे पडलं तसं लक्षात आलं की त्यांच्यावर चिडायचं काहीच कारण नव्हतं. दुसरं कोण त्यांना बसायला बाक देत होतं? त्या काळात एचआयव्ही म्हटल्यावर दारातूनच परत पाठवणारे दवाखाने मला माहीत होते.

विलासला दोन्ही निकाल दाखवले. मी म्हणाले, "आता बायकोला घेऊन ये. तू सांगणार नसशील तर माझ्यासमोर सांग. पण तिला कळलंच पाहिजे."

"दादा मला घराबाहेर काढतील." वडिलांना तो दादा म्हणायचा.

"काढू देत. टेम्पोत झोप."

असं बोलणं डॉक्टरला शोभत नाही. पण मी बोलले.

तो तिला घेऊन आला. सुरेखा तिचं नाव. माहेर तासगावकडचं, द्राक्षाच्या बागेत काम करून वाढलेली. तिला वाटलं होतं, आता मूल हवंय म्हणून तपासायला आणलंय. विलासने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगा."

"तू म्हण, सांगा म्हणून," मी म्हणाले. "तिच्यासमोर म्हण."

"सांगा. माझं समदं सांगा."

मी सांगितलं. तिने पदर तोंडाशी नेला नाही, रडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न मला विचारला.

"मामंजींना म्हाईत हुतं?"

मी विलासकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"म्हंजे मामंजींना म्हाईत, तुमाला म्हाईत, त्या सांगलीच्या डॉक्टराला म्हाईत," ती म्हणाली. "जिच्या अंगावर येनार, तिलाच तेवढं न्हाई."

तिने खुर्ची विलासकडे वळवली.

मग तिने विलासला विचारलं, "निरोध का सोडला?"

"त्यो रिपोर्ट आला म्हनून. मॅडमनी सांगितल्यावर परत वापराया लागलो."

तिने दंड पुढे केला. "घ्या माजं रगत."

तिची टेस्ट निगेटिव्ह आली. गरोदरही नव्हती. पण एवढ्यावर मी तिला हसू दिलं नाही. नुकती लागण झाली असेल तर अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. त्या काळात टेस्ट निगेटिव्हच येते. तिला म्हणाले, काही महिन्यांनी परत यायचं, तोवर हा निकाल अर्धा समजायचा. तिने ते एकदाच ऐकलं आणि बरोबर लक्षात ठेवलं.

घरी काय झालं ते मला विलासने नंतर सांगितलं. सुरेखाने घरी पोचल्यावर सासऱ्यांसमोर उभं राहून म्हटलं, "आजपासनं माज्या आन् ह्येंच्या मधी कुनी बोलायचं न्हाई. नातू पायजे तर दुसऱ्या सुनंला इचारा." थोरल्या मुलाची बायको आतल्या खोलीतून ऐकत होती म्हणे. सुभेदार शेताकडे निघून गेले. ते माझ्याकडे पुन्हा कधी आले नाहीत. मीही वाट पाहिली नाही.

सुरेखाची दुसरी टेस्ट निगेटिव्ह आली. तिसरीही. तिसऱ्या वेळी मात्र ती माझ्यासमोर बसून रडली, आणि मी तिला रडू दिलं. ती सासर सोडून गेली नाही. का, असं मी विचारलं होतं. "त्येंचं कोन करनार?" एवढंच म्हणाली. हे मला पटलं नव्हतं. आजही पटत नाही. पण ते तिने सगळं माहीत असताना ठरवलं होतं, आणि मला त्यात बोलायचा अधिकार नव्हता.

मी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. खूप दिवसांनी उत्तर आलं. संबंधित डॉक्टरांनी दिलेला रिपोर्ट तांत्रिकदृष्ट्या चूक असल्याचं दिसत नाही. सदर उपचारांमुळे पेशंटचं प्रत्यक्ष नुकसान झाल्याचा पुरावा सादर करावा. म्हणजे सुरेखाला लागण झाली असती तर माझी तक्रार मजबूत ठरली असती. क्लिनिक चालूच राहिलं.

त्याच सुमारास तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली होती. एकच औषध दिलं तर विषाणू चुका करता करता त्यातूनही सुटायची वाट काढतो. तीन वेगवेगळ्या औषधांना एकाच वेळी चकवणारी चूक त्याला सहज साधत नाही. त्याच्या बदलत्या रूपावरचा खरा उपाय हा होता. पण त्या गोळ्या विलाससारख्याला परवडण्यातल्या नव्हत्या. त्याला टीबी झाला, तो बरा झाला, पुन्हा काही वर्षं टेम्पो चालवला. सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या, तोवर तो राहिला नव्हता. सुरेखा आता वाईला एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिला रोग नाही.

मी लॅब बंद केली त्यालाही आता काळ लोटला. लोक अजून फोनवर विचारतात, मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, म्हणजे काही काळजी नाही ना? मी विचारते, काय निगेटिव्ह आलंय? बहुतेकांना माहीत नसतं. मग मी म्हणते, ज्याने रिपोर्ट दिला त्याला जाऊन विचारा, ही टेस्ट काय शोधते आणि काय शोधत नाही. तो नीट सांगत असेल तर ऐका. या प्रश्नाचा त्याला राग आला, तर दुसरा डॉक्टर बघा.